टाकीचं अजीर्ण

लांज्याजवळच्या बौद्धवाडीत सुंदराबाईंच्या दारातून कुणी उपाशी गेलेला अजून तरी ऐकिवात नाही. मीटर बघायला आलेला वायरमनसुद्धा घावणे खाऊन जातो. त्यांचे यजमान राजाराम मुंबईची नोकरी संपवून घरी आले तेव्हा काडीसारखे होते. वर्षाच्या आत त्यांच्या सदऱ्यांची बटणं लागेनाशी झाली. ‘पुरे’ हा शब्द बाईंना ऐकूच येत नाही. जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरला, तर त्या बोटांच्या फटीतून वाढतात.

अशा बाईंच्या हाती तेजलने गॅसची टाकी सोपवली! तेजल ही रत्नागिरीच्या कॉलेजात संशोधन करणारी मुलगी. काजूची बी काढून घेतली की उरलेली फळं, म्हणजे बोंडू, बागेत कुजत पडतात, त्यांच्यापासून स्वयंपाकाचा गॅस करायचा, हा तिचा प्रयोग. सरकारच्या ऊर्जा संशोधनाच्या निधीतून तिला वर्षापुरते पैसे मिळाले आणि विहारामागे टाकी उभी राहिली. रोज सकाळी ठेचलेल्या बोंडवांची एक बादली आणि थोडा शेणकाला, एवढंच टाकीचं जेवण.

पुढचा निधी द्यायचा की नाही, ते ठरवायला दिल्लीची समिती बुद्धपौर्णिमेला येणार होती. विहारातली खीर याच गॅसवर शिजवून पाहुण्यांना द्यायची, असं ठरलं. निधी मिळाला नाही तर टाकी बंद. या गॅसवर सुंदराबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा धुराने डोळे न चोळता अख्ख्या वाडीचा स्वयंपाक केला होता. ती निळी ज्योत जाणार, हा विचारच त्यांना सोसेना.

“पावने येनार म्हनल्यावर टाकीला जरा ताकद नको?” त्यांनी राजारामना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बादली उचलली. वाडीतल्या बायकाही हौसेने टोपल्या भरून बोंडू आणू लागल्या. टाकीचा असा पाहुणचार झाला की विचारू नका. चार दिवसांनी ज्योत फुरफुरली आणि विझली. टाकीला आंबूस वास येऊ लागला.

तेजल धावत आली. “मावशी, किती घातलंत हो?”

“पोटभर घातलं, बाय.”

“कुणाच्या?”

राजाराम म्हणाले, “हिच्या हातचं पचवायला माज्यासारखा गडी लागतो. टाकीचं काय घेऊन बसलीस!”

तेजलला हसू आलं नाही. तिचे डोळे भरले. एवढ्या गोडाने टाकी आंबली, आता तिला लंघन आणि थोडी चुन्याची निवळी, एवढाच उपाय, असं तिने सांगितलं. आपल्या हाताने पोरीच्या कामाचं वाटोळं केलं, या विचाराने सुंदराबाईंना घास गोड लागेना.

आणि लंघन सांभाळायचं कुणी, तर त्यांनीच. टाकीजवळून जाताना त्या तोंड फिरवून जात. एकदा तर भरलेली बादली हातात घेऊन उभ्या राहिल्या, मग स्वतःवरच चिडून बोंडू गुरांपुढे ओतले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ज्योत पुन्हा निळी पेटली, तेव्हा त्यांनी तेजलला कडकडून मिठी मारली.

पौर्णिमेला खीर उत्तम झाली. समितीचे मोठे साहेब मूळचे नागपूरचे. त्यांनी पहिली वाटी चाटूनपुसून संपवली. आता गप्प बसायचं की नाही? पण बाईंच्या पोटात काही राहत असेल तर शपथ.

“सायेब, मधी टाकी बंद पडलीवती, पन तिच्यात खोट नाय हो. मीच तिला जादा खायला घालून आजारी पाडलीवती. पोरीनं बरी केली.”

तेजलचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी वाटी खाली ठेवली, कशी बरी केली ते तिच्याकडून नीट ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “संशोधक असेतो टाक्या सगळीकडे छान चालतात. गावाच्या हाती गेल्या की आजारी पडतात आणि पुन्हा उठत नाहीत. ही पहिलीच उठलेली बघतोय. निधीची शिफारस आम्ही करू, पण एका अटीवर.”

“कुठल्या?” तेजलने विचारलं.

“टाकीला भरवायचं काम याच बाईंकडे ठेवायचं. यांच्या हातून ती वाचली, तर देशात कुठेही वाचेल!”

विहारात हशा उसळला. सगळ्यांत मोठ्याने राजाराम हसले. सुंदराबाई पदराने डोळे पुसत पातेलं घेऊन पुढे आल्या. साहेबांनी घाईघाईने वाटीवर हात धरला. बाईंनी बोटांच्या फटीतून खीर वाढली.