गुहेकडे पाठ

बोर्डीजवळच्या बाहरोट डोंगरावर मी वाट चुकलो. मोहाची फुलं वेचणाऱ्या एका मावशीला गुहेचा रस्ता विचारला, तर ती सोबतच निघाली. वाटेत आडवी येणारी करवंदीची फांदी मी पुढे जाईपर्यंत ती हातात धरून ठेवायची. खाली चिकूच्या वाड्या आणि समुद्र धुक्यात एक झाले होते. गुहा आली तशी ती आत कुणी झोपलं असावं इतकी हळू चालू लागली आणि दाराकडे पाठ करून बसली.

"आत नाही येत?"

"कधीच नाय गेले. पारशांनी दुश्मनाच्या भीतीनं त्यांचा पूजेचा अग्नी इथं लपवलेला ना? लपवलेलं बघू नाय."

"अहो, तो शेकडो वर्षांपूर्वीच नेला त्यांनी."

"आमाला सांगायला कोण आलं नाय," ती म्हणाली आणि वाटेवर नजर ठेवून बसून राहिली.