रिकाम्या रकान्यांची दुपार

सातपूरच्या एका कारखान्यासाठी मी लिहिलेला प्रोग्राम एवढेच करी: कंत्राटदारांकडून मेलवर आलेले कामगारांचे तक्ते घ्यायचे आणि पत्रा ठोकून आकार देणारे प्रेस मशीन चालवायला जो शिकलेला आहे, त्याचे नाव पडद्यावर हिरवे करायचे. तक्ता वाचण्याचे काम जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, करी. त्या दुपारी, इंदिरानगरातल्या घरी चहावर साय धरत असताना, त्या लायब्ररीतल्या दोषाची सूचना माझ्या वाचनात आली.

जावास्क्रिप्टमध्ये सगळ्या नोंदींच्या पाठीशी एकच मूळ नमुना असतो, प्रोटोटाइप. एखाद्या नोंदीपाशी स्वतःचे उत्तर नसले की ती त्याला विचारते. तक्त्यात कुणी एका विशिष्ट नावाचा रकाना घातला, तर ही लायब्ररी त्यातला मजकूर थेट त्या नमुन्यात लिहीत होती. विहिरीत काही मिसळावे आणि घराघरांतल्या हंड्यांतून तेच निघावे, तसे.

मी चाचणीच्या प्रतीवर तसा एक तक्ता चढवला. सगळी नावे हिरवी झाली. कालच कामाला लागलेल्यांचीसुद्धा.

कारण तक्त्यातला ‘प्रेस येते का’ हा रकाना तिथले सुपरवायझर मामा भरत, आणि ते कोणाच्याही नावापुढे ‘नाही’ लिहीत नसत. रकाना रिकामा सोडत. “माणसापुढं नाही लिहू नये, ताई. आज येत नसंल, उद्या येईल,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. मला ते इतके भावले, की रिकामे म्हणजे नाही, असे मी प्रोग्राममध्ये धरून टाकले होते. आता तेच रिकामे रकाने नमुन्याला विचारून ‘हो’ आणत होते.

दुसरी पाळी तीनला. मी फोन लावला.

“मामा, हिरवं दिसलं तरी नव्या माणसाला प्रेसवर बसवू नका.”

“मी नाय बसवत हो. पण मी नसलो की नवे साहेब पडद्याकडंच बघतात. परवा लग्नाला गेलेलो मी.”

“परवा कुणाला बसवलं?”

“थांबा, विचारून येतो.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मागे प्रेस आदळत होती. दोन ठोक्यांमधल्या शांततेत कुणाचा तरी हात आत जात होता, बाहेर येत होता. मी श्वास त्या ठोक्यांना बांधून बसले.

“दोघं होते. जुनेच. बोटं मोजून आलो, दहा-दहा हायत.”

“आता रकाने रिकामे ठेवू नका, मामा. काहीतरी लिहा.”

“नाही लिहू म्हणता? ते नाय जमणार. ‘शिकतोय’ लिहितो. चालंल?”

चालणार होते: रकान्यात ‘हो’ सोडून काहीही लिहिलेले असले, की नोंद नमुन्याला विचारणार नव्हती आणि नाव हिरवे होणार नव्हते. मी लायब्ररीची नवी आवृत्ती बसवायला घेतली. फोन तसाच चालू होता, पलीकडे ते एकेक रकाना भरत पुटपुटत होते, “शिकतोय... शिकतोय...” तीनला सात मिनिटे कमी होती, आणि त्यांचे पहिलेच पान चालले होते.