निवलेला चहा

माझ्या कपातल्या चहावर साय धरली होती. शेजारी बाईंचाही कप तसाच भरलेला. आमच्या शाळेच्या बाई मुलीच्या शिक्षणासाठी कुणाच्या घरी गेल्या, की वडील हो म्हणेपर्यंत चहाला हात लावत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आज त्यांनी मलाही सोबत आणलं होतं. गावातली मुलगी कॉलेजात जाऊन नीट राहते, हे दाखवायला.

"बाई, आधी चहा तर घ्या," वैशालीचे वडील म्हणाले.

"घेणारच की. अकरावीच्या फॉर्मवर सही झाली, की लगेच."

"पाहुणे बघून गेलेत तिला."

"माझ्या कानावर आलंय. म्हणून तर आले."

वैशाली आतल्या दाराची चौकट धरून उभी होती. तिची नजर कपांवरच होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी मीही अशीच उभी होते. बाई उठून गेल्या तर, एवढीच तेव्हा भीती होती. आपल्याकडे कुणी चहा न घेता उठलं, की ते घराच्या मनाला लागतं. बाईंकडे दुसरं बळ तरी कोणतं? नीट सांगता येत नाही, पण माझं कॉलेज तेवढ्याशा भिडेवर उभं आहे, असं वाटतं.

शेवटी वैशालीचे वडील खाली बघतच आत म्हणाले, "अगं, बाईंचा चहा निवला. दुसरा टाक."

आणि पेनासाठी त्यांनी माझ्यापुढे हात केला. माझ्या पिशवीत मला पेनच सापडेना.