डी ड्राइव्हमधल्या नक्ष्या

नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीला नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आज लिहायला बसले, तर तीनदा लिहून पुसलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मी संभाजीनगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. इंजिनिअर वगैरे नाही. रॅम बदलणं, विंडोज टाकणं, अडलेला प्रिंटर चालू करणं — एवढं येतं. पण आमच्या गल्लीत एवढं येणारी मी एकटीच. काही बिघडलं की लोक म्हणायचे, मॅडमला बोलवा. ते मला आवडायचं. किती आवडायचं, हे तेव्हा कुठं कळलं होतं?

समोरच्या घरात नईमचाचा आणि सुरय्याचाची राहायचे. चाचा हिमरू शाली विणायचे. पुढच्या खोलीत हातमाग, आणि खिडकीपाशी पुतण्यानं दिलेला जुना कॉम्प्युटर. त्यांच्या वडिलांनी काढलेल्या नक्ष्या चौकटीच्या कागदांवर होत्या — वेली, कोयऱ्या, मोर. कागद घडीवर तुटायला लागले होते. मीच त्यांना एक्सेल दाखवलं. एक घर म्हणजे एक धागा, त्यात रंग भरायचा. अक्षरं मोठी केली, माउसचा बाण जाड केला, डेस्कटॉपवर 'नक्षी' नावाचं छोटं चित्र ठेवून दिलं — एक टिचकी, की सगळ्या नक्ष्या समोर. चाचा सहा वर्षं रंग भरत होते. एकेक घर. शंभरावर नक्ष्या.

आणि कागद? "आता ठेवून काय करता चाचा, सगळं आत आहे," असं मीच म्हणाले. त्यांनी ते अंगणातल्या लिंबाखाली खड्डा करून पुरले. वडिलांच्या हातचे होते, कचऱ्यात कसे टाकणार? एका पावसाळ्यात त्यांची माती झाली.

पुढं कॉम्प्युटर फारच रखडायला लागला. एका रविवारी मी म्हटलं, विंडोज नव्यानं टाकते.

"डिजाइनां को कुच होता तो नई ना, बेटी?" चाचांनी विचारलं.

"काढून घेतल्यात चाचा. काळजी करू नका."

घेतल्या होत्या का? डेस्कटॉपवरची 'नक्षी' मी पेनड्राइव्हवर टाकली. क्षणात कॉपी झाली. तेवढ्यावरच कळायला हवं होतं. त्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक बाण होता — म्हणजे तो नुसता शॉर्टकट, वाट दाखवणारी खूण. खऱ्या फाइली डी ड्राइव्हमध्ये. लॅबमध्ये मुलांना मी हेच शिकवते. तो शॉर्टकट मीच तर केला होता. उघडून पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण चाची चहा घेऊन आल्या, मी गप्पा मारत राहिले, आणि बोलता बोलता डी ड्राइव्हसकट हार्ड डिस्कचे सगळे भाग पुसून एक केला.

विंडोज चढलं. पेनड्राइव्ह लावला. त्यात तो शॉर्टकट होता, बाकी काहीच नव्हतं.

ही हलगर्जी झाली. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

पुसलेलं बऱ्याचदा परत मिळतं — डिस्क लगेच बाजूला काढली, वर काही लिहिलं नाही, जाणकाराकडं नेली, तर. मला हे माहीत होतं. चाचा शेजारी स्टुलावर बसून पडद्याकडं बघत होते. खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि — निघालं ते असं: "डिस्क आधीपासूनच खराब झाली होती चाचा. कुणी नीट बंद न करता डायरेक्ट बटण बंद करत होतं का?"

कोण करत होतं ते मला ठाऊक होतं. फरशी पुसताना चाची भिंतीवरचं बटण बंद करायच्या. मी पाहिलं होतं. नाहीतर तो प्रश्न मला सुचला असता का?

चाची दारातच होत्या. "मैं करती थी," त्या म्हणाल्या. "पोछा मारते वक्त. करंट लगता बोलके."

चाचांनी त्यांच्याकडं पाहिलं. ओरडले नाहीत. नंतरही कधी ओरडले नाहीत. बोलणंच कमी झालं.

दोन दिवसांनी चाचा म्हणाले, पैठण गेटला एक दुकान आहे, गेलेलं काढून देतात म्हणे, घेऊन जाऊ का? दुकानदारानं डिस्क लावताच ओळखलं असतं — ती धडधाकट आहे, कुणीतरी पुसली आहे. मी म्हटलं, "मला द्या, कॉलेजात बघते." आणि लॅबमध्ये मी त्या डिस्कवर काठोकाठ दुसरं भरलं. जुन्या फाइली, सॉफ्टवेअर, हाताला लागेल ते. खाली काही शिल्लक राहू नये म्हणून. दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, शांत डोक्यानं. आठवड्यानं सांगितलं, नाही निघालं.

"तुम कोशिश करे ना बेटी, बस है," चाचा म्हणाले.

आठवणीतल्या दोन-तीन नक्ष्या त्यांनी काही दिवस विणल्या. मग मागावर चादर टाकली. चाचींचं वेगळंच झालं. त्या कुठल्याच बटणाला हात लावेनात. भर उन्हाळ्यात पंखा बंद असलेल्या खोलीत बसून राहायच्या आणि कुणी आलं की म्हणायच्या, जरा पंखा लगाना. मी कितीदा तो पंखा लावून दिला. लावून घरी आले.

गेल्या वर्षी चाची आजारी पडल्या. दवाखान्यात मी भेटायला गेले. माझा हात धरून म्हणाल्या, "मेरे हाथ से उनके अब्बा का सब गया, बेटी."

मी म्हटलं, "झालं ते झालं चाची. आता मनात ठेवू नका."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. मी — त्यांना. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यानंतर त्या दोन दिवस होत्या. शुद्धीत होत्या. मी परत गेले नाही.

चाचा आता शुक्रवारी नमाजानंतर कब्रस्तानात जातात. परवा जाताना आमच्या फाटकाशी थांबले. म्हणाले, "माफ किया बोलके मैं उसको कबी बोलाच नई. मुँह से निकलाच नई. अब जाके बोलता हूँ. हर जुम्मे को बोलता हूँ."

माफ करण्यासारखं चाचींनी काही केलंच नव्हतं. हे मी तिथंच, त्या फाटकाशी सांगू शकत होते. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "ऊन आहे चाचा, जपून जा," आणि कडी लावून घेतली.