माझ्या खांद्याला झेपणारी होडी

नाशिकला द्वारका चौकाच्या फुटपाथवर दोन रबरी होड्या फुगवून ठेवल्या होत्या आणि मला त्यातली एक निवडायची होती. लष्कराच्या लिलावातला माल विकणारं ते दुकान. शेजारी माझ्या धाकट्या भावाचं, मिलिंदचं, टायर-ट्यूबचं दुकान. रबरातलं त्याला कळतं म्हणून त्याला बरोबर घेतलं होतं.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. मी सुरगाणा तालुक्यात एएनएम होते, म्हणजे गावोगाव फिरून बाळंतपणं आणि लसी बघणारी नर्स. माझ्या हद्दीतले तीन पाडे नदीपलीकडे. पूल नाही. पावसाळ्यात पलीकडे काय झालं ते मला पाणी उतरल्यावर कळायचं, आणि मी ते रजिस्टरला लिहायची. याचा मला संताप येई. शेवटी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे होडी मागितली.

"सिस्टर, शासनाकडे मागितली तर तुम्ही रिटायर झाल्यावर येईल," डॉक्टर म्हणाले. "स्वतःची घ्या. पण पर्सनल यूज. डेडस्टॉकला दाखवायची नाही." डेडस्टॉक म्हणजे ऑफिसच्या टेबल-खुर्च्यांची नोंदवही. तिच्यात गेलेली वस्तू मोडली तर खुलासे देत बसावं लागतं.

तर दोन होड्या. एक छोटी, दोन्हीकडे निमुळती. एका माणसाने पाय लांब करून बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. दुकानदार म्हणाला, "साहेब लोक हिला कयाक म्हणतात. घडी केली की बिस्तऱ्याएवढी." दुसरी लांबरुंद, ठिगळं लावलेली. दोन माणसांशिवाय जागची हलत नव्हती.

मिलिंदने दोन्हींच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. मग मोठीवर थाप मारली. "ताई, ही घे. हिला हवेचे तीन वेगळे कप्पे आहेत. एक फुटला तरी बुडणार नाही. छोटीला एकच."

"आणि उचलणार कोण? तू येणार सुरगाण्याला?"

"गड्याला सांग ना कोणाला तरी."

"मला गडी दिलाय का सरकारने? चालायचं मलाच."

मी हवा काढलेल्या छोटीची घडी खांद्यावर टाकली आणि फुटपाथच्या टोकापर्यंत जाऊन आले. रिक्षावाले बघत होते. मला झेपली. तेवढ्यावर निवड झाली. मिलिंद पुटपुटला, "तुला जे करायचं तेच तू करतेस." यात खोटं काही नव्हतं.

आषाढात मी ती चालवायला शिकले. नदी जिथे पसरट होती तिथून पलीकडे जायचं. लसीचा डबा मांडीवर, गोळ्या पिशवीत. आयुष्यात पहिल्यांदा माझं पावसाळ्याचं रजिस्टर भर पावसाळ्यात भरलं. मला फार अभिमान वाटला.

श्रावणात एका सकाळी काळू आला. पलीकडच्या पाड्यावरचा, भाताची शेती करणारा. कमरेला सुके भोपळे बांधून पोहत आला होता. "बाई, चला. सोनी कालपासून अडलीय."

सोनी त्याची बायको. मी होडी फुगवली. पाणी वाढलेलं होतं. मी वल्हवत होते, काळू दोरी धरून बाजूने पोहत होता. बरंच खाली वाहत जाऊन आम्ही पलीकडे लागलो.

मी सोनीला तपासलं. बाळ आडवं होतं, त्याचा एक हात बाहेर आला होता. असं झालं की बाळंतपण आपोआप होत नाही. पोट उघडावं लागतं, आणि ते नाशिकला. अलीकडच्या काठापासून डांबरी रस्ता जवळ होता, रस्त्याला जीप मिळाली असती. मध्ये फक्त नदी होती.

चार जणांनी तिला खाटेवर नदीवर आणलं. तिला होडीत घालायचं आणि काळूने पोहत होडी ढकलायची, असं ठरलं. सोनीला बसता येत नव्हतं. आडवी ठेवायला होडीत जागा नव्हती. गुडघे दुमडून ठेवली तर ती ओरडली, आणि काठावरच होडी मधोमध वाकून पाणी आत आलं. आम्ही तिला परत खाटेवर घेतलं. खाटच भोपळ्यांवर बांधून लोटावी असंही कोणी म्हणालं. म्हाताऱ्यांनी पाण्याकडे बघून मान हलवली.

मग आम्ही पाणी उतरायची वाट बघत बसलो. डोंगरावर पाऊस चालूच होता. मी तिचा हात धरून होते, दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. चारच्या सुमाराला ती गेली. शेवटी शेवटी पाणी मागत होती. पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं.

डॉक्टरांनी माझा रिपोर्ट वाचला. "सिस्टर, होडीचा उल्लेख कशाला?"

"होडी होती म्हणून."

त्यांनी ते वाक्य खोडलं. मला खाली सही करायला लावली. मी केली.

काही दिवसांनी मी पाड्यावर गेले. काळू खळ्यात बसला होता. मी त्याला खरं ते सांगून टाकलं. दुकानात मोठी होडी होती, तिच्यात सोनी आडवी मावली असती, पण मला एकटीला उचलता आली नसती म्हणून मी घेतली नाही.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाई, आमी आजारी मानूस खाटंवर घालून चार कोस नेतो. होडी नसती उचलली का?"

 सहा वर्षं मी त्या पाड्यांवर जात होते. प्रत्येक खाट तिथे चार खांद्यांवर आलेली बघत होते. तरी दुकानात उभी राहून मी एकटीच आहे असं धरून चालले.

मोठी होडी विकली गेली नव्हती. दिवाळीआधी ती आणली आणि पाड्यावरच ठेवली. माझी बदली होईपर्यंत तिने बायका आणल्या, सापाने चावलेले आणले, एकदा एक म्हातारा शिक्षक आणला. डेडस्टॉकला ती कधीच दिसली नाही, आणि मी तर ती एकदाही उचलली नाही.

नव्या मुली मला विचारतात की फील्डवर न्यायचं सामान कसं निवडायचं. मी सांगते, ज्याला त्यात घालून आणायचंय त्याचं माप घ्या, आणि उचलणार कोण हे तिथल्या माणसांना विचारा. मी ते द्वारकेवर भावाला विचारलं.