यादीतला एकेचाळिसावा

ते प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि आता या वयात जाणारही नाही. पण ते सांगायचं तर आधी वाल सांगावे लागतील.

आठ महिन्यांपूर्वी सकाळी मी आणि माझी बायको मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. बिरड्यासाठी. तिचे दहा होईपर्यंत माझे तीन व्हायचे, त्यातला एक मोडलेला. "पोलिसाचा हात," ती म्हणाली, "वालालासुद्धा मारून कबूल करायला लावतो." समोर टीव्हीवर कुठलं तरी आंदोलन चाललं होतं, टायर जळत होते. ती म्हणाली, "ही माणसं खरंच एवढी चिडलेली असतात का हो?" मग स्वतःच म्हणाली, "तुम्ही त्या वेळी खरं लिहून दिलंत म्हणून तो बिचारा सुटला. नाहीतर या पक्षवाल्यांनी त्याला सडवलाच असता."

मी "हं" म्हणालो.

दुपारी ती छातीत दुखतंय म्हणाली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्या "हं"नंतर आमचं धड बोलणं झालंच नाही. आणि ते "हं" खोटं होतं.

मी आठवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर जबाब लिहिले, हेही तसंच लिहितो. नाव कुणाचं घेणार नाही, माणसाचं नाही आणि पक्षाचंही नाही. पक्ष दोन होते. एकाला बंदवाले म्हणतो, दुसऱ्याला विरोधातले. पुढं वाचाल तेव्हा कळेल की कुठल्याला काय म्हटलं याला काही अर्थ नाही.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत भिवंडीत वीज जायची ती तासन्‌तास. लूम थंड, शिफ्टची माणसं कारखान्याच्या पायरीवर विड्या ओढत बसलेली. बंदवाल्यांनी विजेसाठी शहर बंद पुकारला आणि कशेळीला रास्ता रोको ठेवला. विरोधातले म्हणाले, आम्ही दुकानं उघडी ठेवणार. मी तेव्हा हवालदार होतो, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर.

आता एक गोष्ट सांगतो, ती बाहेरच्याला माहीत नसते. रास्ता रोको पोलीस आणि पक्षवाले मिळून करतात. आदल्या दिवशी पक्षाचा माणूस ठाण्यात यादी घेऊन येतो. अटक कोणाकोणाला व्हायचं, किती वाजता व्हायचं, सगळं ठरतं. नावांपुढं सह्यासुद्धा करून आणतात. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघायच्या आधीच मी ती यादी रजिस्टरात उतरवून मोकळा व्हायचो. अमुक वाजता अडुसष्ट कलमाखाली ताब्यात घेतले, पाच वाजता एकोणसत्तरखाली सोडून दिले. अक्षर चांगलं होतं माझं. मग रस्त्यावर दहा मिनिटं घोषणा, पेपरवाल्याचा फोटो, सगळे गाडीत. पोलीस मैदानावर वडापाव, पत्ते, संध्याकाळी घरी. बंदवाले असंच करायचे, विरोधातलेही असंच करायचे. मीही असंच करायचो.

त्या बंदाला यादीत एकेचाळीस नावं होती. रजिस्टर लिहून मी कशेळीला गेलो, हजेरी घ्यायला. गाड्या दोन यायच्या होत्या, एकच आली. कोंबून कोंबून चाळीस बसले. एक उरला. अंजूरचा, तिशीच्या आतला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला घरून लावलेलं कुंकू.

"काका, मी राहिलो."

"जागा नाय. तुझं नाव लिहिलंय, सही झालीय. तू जा घरी."

"घरी? अहो, मला अटक करा ना!"

गाडीतले हसायला लागले. एकजण ओरडला, "अरे, टपावर चढ!" दुसरा म्हणाला, "तुझी अटक पुढच्या बंदला, ॲडव्हान्स बुकिंग!" मीही हसलो. ड्रायव्हरला म्हणालो, "हाण." गाडी निघाली तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध उभा होता.

पाऊण तासानं राहनाळच्या गोडाऊनमधून कापडाच्या गाठी घेऊन एक टेम्पो आला. रस्ता मोकळा झाला असं ड्रायव्हरला वाटलं असणार. काचेतून दगड आला तो त्याच्या कपाळावर. टेम्पो खांबावर आदळला. ड्रायव्हर चौथ्या दिवशी हॉस्पिटलातच वारला.

गुन्हा दाखल झाला. बंदवाल्यांचे पुढारी ठाण्यात आले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "आमची सगळी पोरं त्या वेळी तुमच्याच ताब्यात होती. रजिस्टर बघा." रजिस्टर बघितलं. होतीच. मग दगड मारला कोणी? त्यांनी दोन साक्षीदार आणले, आणि साक्षीदारांनी विरोधातल्या पक्षाच्या एका माणसाकडं बोट दाखवलं. लूमवरचा कामगार. बंद मोडायला आला होता हे खरं. त्याच्या शर्टाला ड्रायव्हरचं रक्त होतं हेही खरं. तो म्हणत होता, टेम्पोतून त्याला बाहेर मी काढला. बघणारे पुष्कळ होते, पण बंदच्या दिवशी कशेळीला मी होतो असं सांगायला कोणी तयार होईना.

कोठडीत त्याला चहा द्यायला गेलो तर म्हणाला, "हवालदार, एक विचारू? मी त्याला उचलायला नको होतं का?"

मी कप ठेवून बाहेर आलो.

सहाव्या दिवशी मला खबर मिळाली. कशेळीला टपरीवाली एक बाई होती. मी बिस्किट घ्यायला थांबलो तर पातेलं घासता घासता म्हणाली, "दादा, तुमी जो घरी लावलाव ना, सफेद शर्टवाला, त्यानी मारला दगर. माज्या समोर."

"मग तेव्हा का नाय बोललीस?"

"तुमच्या वहीन लिवलंय तो जेलान हाय. माजा कोन ऐकनार?"

मी अंजूरला गेलो. पंचनामा नाही, पंच नाही, एकटाच. तो ओट्यावर बसला होता. मला बघितल्यावर उठला आणि घरात जाऊन चप्पल घालून आला. म्हणाला, "चला."

"बस. आधी सांग."

बत्तीस वर्षांत मी पुष्कळ चौकश्या केल्या. माणूस आधी खोटं बोलतो, मग अर्धं खरं बोलतो. हा पहिल्यापासून खरं बोलला. विजेपायी बापाचे चार लूम भंगारात गेले होते. आठ वर्षं पक्षाची पोस्टरं चिकटवली होती. "त्या दिवशी आईच्या पाया पडून निघालो, काका. सांगितलं, आज मला अटक होणार. तिनं ओवाळलं मला. आणि तुम्ही काय सांगितलंत? जा घरी. ते गाडीत बसले ते हसत होते. त्यांना विजेचं काय पडलेलं? मी एकटाच खरा होतो तिथं. मग तो टेम्पो आला, जसा काही बंद नाहीच. मी काचेवर मारला. माणसावर नाही मारला."

"काचेमागं माणूसच असतो रे."

"आता कळलं ना. चला ठाण्यात. लिहून घ्या."

मी त्याला म्हणालो, थांब, साहेबांना विचारतो.

साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "यादीवर त्याची सही, रजिस्टरात तुमचं अक्षर. आता लेखी देता का, की ती नोंद खोटी आहे? द्या. पहिला गुन्हा तुमच्यावर. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, आणि त्या वहीतल्या मागच्या सगळ्या नोंदी कोर्टात निघतील. दोन्ही पक्ष मिळून तुमचा पुतळा जाळतील. त्याचीही यादी आदल्या दिवशी तुमच्याच टेबलावर येईल." आणि हसले. चांगला माणूस होता. खोटं काही बोलला नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लोकांचे जबाब लिहिता रोज. आज स्वतःचा लिहा." समोर बसून तिनं माझ्याकडून लिहून घेतला. पानभर. तिला वाचता यायचं, बोट ठेवून. पूर्ण वाचला, म्हणाली, "सही राहिली." मी सही केली. तिनं घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बसलो तर समोर विरोधातल्या पक्षाचा माणूस. त्यांच्या निर्दोष कार्यकर्त्याच्या सुटकेसाठी धरणं होतं. म्हणाला, "पन्नास नावं आहेत. मागं त्यांना एकच गाडी दिलीत, तसं करू नका, दोन द्या. आणि फोटोवाला साडेअकराला येतोय, त्याआधी उचलू नका." यादीवर सह्या होत्या. बाजूच्या कोठडीत तो निर्दोष बसला होता. त्याला भेटायचं का, असं मी विचारलं. म्हणाला, "नंतर बघू, आज घाई आहे."

मी रजिस्टर ओढलं आणि पन्नास नावं लिहिली. कागद खिशात तसाच. संध्याकाळी बायकोनं दारातच विचारलं, "दिलात?" मी म्हणालो, "दिला." तिनं त्या दिवशी गोड केलं.

कागद मी फाडला. पांढऱ्या शर्टवाला त्यानंतर दोनदा ठाण्यात आला. मी त्याला दोनदा बाहेरच्या बाहेर परत पाठवला. शेवटच्या वेळी म्हणालो, "कागदावर तू आत होतास. विषय संपला." तो म्हणाला, "काका, माझी अटकसुद्धा खोटी आणि सुटकासुद्धा खोटी?" पुढं तो गाव सोडून गुजरातेत लूमवर गेला असं ऐकलं.

माझी बदली लांब झाली. कोर्टात साक्षीला आलो तेव्हा वकिलानं रजिस्टर पुढं धरलं. नोंद माझ्या अक्षरातली आहे आणि खरी आहे, असं मी शपथेवर सांगितलं. लूमवाल्याला सात वर्षं सक्तमजुरी झाली. बायकोला सांगितलं, सुटला.

तो आत असताना नगरपालिकेच्या सत्तेसाठी ते दोन्ही पक्ष एक झाले. एकाच जीपवर दोन झेंडे. त्यानंतर त्याच्यासाठी धरणं झालं नाही. मेलेल्या ड्रायव्हरसाठी तर कोणत्याच पक्षानं कधी यादी आणली नव्हती.

लोक विचारतात, रस्त्यावर उतरतात ती तळमळ असते की माथेफिरूपणा? मी दोन्ही बाजूंच्या याद्या लिहिल्यात. आपल्या माणसानं दगड मारला की ती तळमळ, समोरच्यानं मारला की तो माथेफिरू. दोन्हीकडचे पुढारी माझ्या टेबलावर हेच बोलायचे, शब्दसुद्धा तेच. खरी तळमळ मी नोकरीत एकदाच बघितली, अंजूरच्या त्या पोराची. तिनं एक माणूस मारला. त्यामुळं तळमळीचं गुणगान माझ्याच्यानं होत नाही. पण माझ्या अंगात ना तळमळ होती ना वेड. मी थंड डोक्यानं, चांगल्या अक्षरात, एका माणसाची सात वर्षं घालवली. अशा माणसाला काय म्हणायचं, ते कोणी विचारत नाही.

बायकोला अग्नी मीच दिला. आम्हाला मूलबाळ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं भेटायला यायच्या आधी मी घरातून निघालो. सुतकात कोणाच्या दारी जाऊ नये, ते मला कळतं. पण घरात बसवेना. खोटं ज्याच्यासाठी धरून ठेवलं होतं ते माणूसच राहिलं नव्हतं.

तो लूमवाला आता राहनाळला एका गोडाऊनच्या फाटकावर वॉचमन आहे. मला ते केव्हापासून ठाऊक होतं. मी त्या रस्त्यानं जायचं टाळत होतो.

माझं भादरलेलं डोकं बघून तो उठला. "हवालदार ना? कोण गेलं?"

"बायको."

त्यानं आपली खुर्ची पुढं सरकवली. "बसा."

"सुतक आहे. उभाच बरा." फाटकाबाहेर उभं राहून मी सगळं सांगितलं. यादी, एकेचाळिसावा, खिशातला कागद, कोर्टातली शपथ. मधेच एक ट्रक आला. त्यानं फाटक उघडलं, ट्रक आत घेतला, परत येऊन उभा राहिला. "पुढं?" म्हणाला. मी पुढचं सांगितलं. आणि म्हणालो, "अजून लेखी देतो. कोर्टात येतो."

"त्या सात वर्षांत माझी आई गेली. कोर्ट तिला कुठं शोधणार?" मग त्यानं विचारलं, "बाईंना माझं काय सांगितलं होतंत?"

"तू सुटलास म्हणून."

"किती वर्षं?"

"शेवटपर्यंत."

"म्हणजे एका घरात तरी सुटलो होतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी त्याच्या पायाशी वाकलो. तो दोन पावलं मागं सरला.

"शिवू नका. सुतक आहे तुम्हाला," म्हणाला, आणि फाटक ओढून आतून कडी लावली.