खांद्यावरचा हात

माझ्या सख्ख्या मामांना त्यांची अख्खी तुकडी घाईमामा म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. चहा निवायच्या आत ते पिऊन मोकळे, बस थांबायच्या आत उतरून मोकळे. दहशतवादविरोधी तुकडीत दार फोडून पहिला आत शिरणारा माणूस असाच हवा, असं साहेबांचं मत. माझं मत कोणी विचारलं नाही. सरावाच्या खोलीत लाकडी पुतळे उभे करायचं काम माझं होतं, आणि मामांच्या बंदुकीतल्या गोळ्या खऱ्या असत.

त्या वर्षी संयुक्त सरावाला परदेशी तुकडी आली. मामांच्या मागे त्यांचा एक ताडमाड जवान उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत घोळ झाला. आमच्यात मागच्याने खांद्यावर थाप मारली की पुढच्याने घुसायचं. त्यांच्यात थाप म्हणजे थांब, मी अजून तयार नाही. पाहुण्याने थाप मारली, मामा एकटेच आत घुसले, आणि मागून धावत आलेल्या पाहुण्याची गोळी त्यांच्या कानाजवळून गेली.

"असल्यांच्या भरवशावर जीव टाकायचा का?" जेवताना मामा धुसफुसत होते. मलाही ते पटलं. तेवढ्यात पाहुणा ताट घेऊन त्यांच्याच समोर येऊन बसला. त्याने बोटाने आपला कान दाखवला आणि दोन्ही हात जोडले. ते बघून मामा जरा निवले. जेवणानंतर दोघं तिथल्याच दाराशी उभे राहिले आणि खाणाखुणा करत त्यांनी आपलं नवंच ठरवलं. थाप कोणीच मारायची नाही. खांद्यावर हात आहे तोवर थांबायचं, हात उचलला की आत. मामा थांबणार म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणार, मी मनात म्हटलं.

शेवटच्या दिवशी दोन्हीकडचे साहेब बघायला आले. कोपऱ्यातला पुतळा कलला म्हणून हवालदाराने मला मागच्या दाराने आत पाठवलं. तो निरोप पुढच्या दाराशी कोणी पोचवलाच नाही. मी पुतळ्याखाली पाचर बसवायला वाकलो आणि बाहेर फेरी सुरू करायची शिट्टी वाजली.

मी डोक्यावर हात घेऊन तसाच वाकून राहिलो. मामांना मी लहानपणापासून ओळखत होतो.

दार हललं नाही.

"मामा, झोप लागली का?" बाहेरून साहेबांचा आवाज आला. "जा आत!"

तरी दार हललं नाही. मग कुठे मला ओरडायचं सुचलं. "मी आहे आत."

दाराच्या वर एक काच होती. तिच्यापर्यंत फक्त पाहुण्याची उंची पोचत होती. लाकडी पुतळा वाकत नाही, एवढं त्याला कळलं होतं.

मी बाहेर आलो. साहेब हवालदारावर खेकसत होते. मामा घामाने निथळत अजून दाराकडे तोंड करून उभे होते, आणि मागे पांढराफटक पडलेला पाहुणा.

"मामा, झालं आता. या इकडे," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवून मला नखशिखान्त बघितलं, पण पाय हलवला नाही.

"त्याला आधी हात काढू दे," मामा म्हणाले.